म्हणे सर्जनचा हात कधी विसरत नाही!

डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सार असं: सर्जरी म्हणजे सायकल, एकदा आली की जन्मभर आली, वीस वर्षं चाकू धरलेल्याला पुतळ्यावर सराव करायला सांगणं हा अपमान, आणि सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर किंवा नकली अवयवावर सराव, हे परदेशी, कॉर्पोरेट फॅड, ग्रामीण रुग्णालयाला त्याचं काय काम?

आधी सायकल. तोल सांभाळण्यासारखी सलग हालचाल शरीर सहसा विसरत नाही, हे कबूल. पण ठरलेल्या क्रमाने करायचं काम सराव सुटला की लवकर निसटतं. सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवणं) शिकलेल्यांचं कौशल्य काही महिन्यांतच उतरायला लागतं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर आधी काय आणि नंतर काय हे आठवायला हातात मोजकी मिनिटं असतात. असा प्रसंग तालुक्याच्या रुग्णालयात वर्षातून कितीदा येणार? शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रोज केसेस करणाऱ्याचा हात आपोआप चालता राहतो. धारणी-भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यांत तसं नाही. जरा अवघड दिसलं की आपण रुग्ण मोठ्या रुग्णालयात रेफर करतो, त्यात उरलीसुरली सवयही मोडते. आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला की भामरागडहून रेफर तरी कुठे करणार? म्हणजे सरावाची गरज खेड्यात जास्त. मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं उलटं धरलंय.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने सुइणी आणि डॉक्टर दोघांनाही खांदा सोडवण्याचा सराव पुतळ्यावर सक्तीचा केला. अशा बाळंतपणांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण 9.3 टक्क्यांवरून 2.3 वर आलं. अभ्यास 2008 चा.

वीस वर्षांचा मान ठेवू, पण अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 20 बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनांचे शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, नावं झाकून, इतर सर्जनांनी तपासले. कौशल्यात तळाला असलेल्यांच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के, वरच्यांच्या 5.2. वरचे सर्जन वर्षाला कितीतरी जास्त केसेस करणारे होते.

परदेशी फॅड? सुश्रुतसंहितेत कोहळा, दुधी, काकडीवर छेद घ्यायला आणि कापडावर टाके घालायला सांगितलंय. कितीही शिकलेला असो, सराव न केलेला कामाला अयोग्य, असंही.

कॉर्पोरेट म्हणाल, तर टांझानियातलं हेडम हे खेड्यातलं रुग्णालय बघा. नवजाताला श्वास देण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पुतळ्यावर हात सुधारले, लेबर रूममध्ये फरक शून्य. मग तिथेच, कामाच्या जागी, काही मिनिटांचा सराव वारंवार सुरू केला. पहिल्या 24 तासांतले बालमृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. आपल्याकडे मात्र वर्षातून एकदा जिल्ह्याला वर्कशॉप, जेवण, सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो!

एक खरं की पुतळ्याला खरा रक्तस्राव होत नाही, जुन्या सिझरचे चिकटलेले थर त्यात सापडत नाहीत. ते वरिष्ठाच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. भूलतज्ज्ञ आणि रक्त नसेल तर सराव करूनही हात बांधलेलेच. त्यासाठी भांडा, मीही येतो.

पण खर्चाचं कारण नको. मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं आणा, मुदत संपलेले सूचर (टाक्यांचे धागे) स्टोअरमध्ये पडलेले असतातच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाला खोका आणि मोबाइलचा कॅमेरा चालतो. ओपीडी संपल्यावर पंधरा मिनिटं, सिस्टरांनाही बोलवा.