ठाण्याला थंडीच नसते म्हणे

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मोबाईलमधलं तापमान टाकतं आणि खाली लिहितं, "कसली थंडी न् कसलं काय!" मग नाशिकला माहेर असलेल्या सगळ्या जणी हसून घेतात. यंदा मी भांडले. ग्रुपवर अर्धवट राहिलेलं भांडण इथे पुरं करते.

थंडीची पहिली वर्दी मला ऊन देतं. आमची बाल्कनी दक्षिणेची. मेच्या शेवटी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे भर दुपारीसुद्धा तिथे ऊन नाही. डिसेंबरात तोच इतका खाली येतो की बारा वाजता ऊन उंबरा ओलांडून थेट सोफ्याच्या पायाशी. शेवंती खूश. तुळस मात्र लग्न लागल्यापासून रुसलेली, पानं बारीक आणि नुसत्या मंजिऱ्या. सकाळची तर वेगळीच गंमत. संक्रांतीला दिवस मोठा व्हायला लागलेला असतो, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय २२ डिसेंबरनंतरही उशिरा उशिराच होत राहतो आणि ऐन संक्रांतीच्या सुमारास सव्वासातला जाऊन टेकतो. उपवन तलावावर फिरायला येणारे जानेवारीत "अजून अंधार कसा?" म्हणतात ते उगाच नाही.

फ्लेमिंगोंबद्दल मी काही लिहीत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, छानच झालं, त्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. माझा पाहुणा आमच्या पार्किंगमध्ये येतो. परीट पक्षी! धोबी म्हणा हवं तर. टँकरमधून सांडलेल्या पाण्याच्या कडेने शेपटी खालीवर आपटत तुरुतुरु पळतो, थांबतो, चिलट टिपतो, पुन्हा पळतो. हिमालयाकडून एवढा प्रवास करून आलेला जीव आणि आपण त्याच्यावर स्कूटर रिव्हर्स घेतो. फ्लेमिंगो बघायला बोटीचं तिकीट काढणाऱ्यांना खालचा परीट दिसू नये, याचा मला खरंच राग येतो.

आणि बदाम. गेटजवळचा आपला देशी बदाम, थाळीएवढ्या पानांचा. पावसाळा सरून जमीन वाळायला लागते, हवा कोरडी होते, तसं हे झाड पानांतलं कामाचं तेवढं आत ओढून घेतं. हिरवा रंग जातो आणि पान लाल होतं. परवा एक उचलून पाहिलं. मधली शीर अजून पिवळसर, तिच्या दोन्ही अंगांना डाळिंबी रंग, कडेला शेंदरी, एका कोपऱ्यात विसरल्यासारखा हिरवा ठिपका. देठाचं टोक इतकं गुळगुळीत, जणू कोणी ब्लेडने कापलंय. कापलेलंच असतं म्हणा. झाड तिथे आधीच बुचासारखा थर धरतं, म्हणून पान सुटलं तरी जखम उघडी राहत नाही.

या झाडावर मागच्या वर्षी बैठक झाली. विषय: "पाला फार पडतो." फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते हे मी सांगितलं, तेव्हा माझ्याकडे असं बघितलं गेलं की बदाम मीच लावलाय! परवानगीचं नंतर बघू म्हणत एका रविवारी अर्ध्या फांद्या उतरवल्यासुद्धा. उरलेला पाला गोळा करून गेटबाहेर पेटवला. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे तो धूर आमच्या पहिल्या मजल्यावर दुपारपर्यंत बसून होता. घोडबंदर रोडची धूळ काय कमी होती? त्यात ग्रुपवर "धुकं पडलंय किती छान" असे फोटो. अहो, ते धुरकं आहे.

यंदा मी सेक्रेटरींकडून मागच्या भिंतीजवळची चार फूट जागा मागून घेतली आणि पाल्याचं खत करायला जाळीचा पिंजरा उभा केला. पाला, वर थोडं आंबट ताक, पाण्याचा हबका, पुन्हा पाला. बदामाचं पान चिवट, लवकर कुजत नाही, म्हणून फाडून टाकावं लागतं. झाडू मारणाऱ्या मावशी आधी वैतागायच्या. आता पिशवी भरून आणतात आणि दारातूनच हाक मारतात, "ताई, आज लाल जास्त हायेत बघा."