तिबोटी खंड्याची जागा का सांगत नाही?

नमस्कार. "पक्षी काय तुमच्या आगरात पाळलेत? फोटो टाकायचे आणि जागा विचारली की गप्प बसायचं, ही कॅमेरेवाल्यांची मिजास झाली," असं तुम्ही लिहिलंत. अर्धं कबूल. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर घरट्यांची लोकेशन फिरत असतात आणि ज्याच्या पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी घरटं, त्या शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. तुम्ही बारमाही चिपळुणात राहणार आणि मुंबईहून रविवारपुरता आलेला तुमच्याच तालुक्यातला पक्षी बघून जाणार, म्हणजे राग येणारच.

तरी तिबोटी खंड्याच्या, म्हणजे या इवल्याशा किंगफिशरच्या घरट्याची जागा सांगणार नाही. चार वर्षांपूर्वी एकदा सांगितली होती. दापोलीकडच्या एका वाडीतली, एकाच मित्राला. आठव्या दिवशी पाणंदीत पाच गाड्या. घरट्याच्या बिळावर लोंबणारं नेचं कुणीतरी उपटलेलं, फोटोत मध्ये येत होतं म्हणून. समोर एक काठी रोवलेली, पक्ष्याने तिच्यावरच बसावं म्हणून. आणि तो मागच्या फांदीवर, चोचीत सापसुरळी धरून. मी घड्याळ पाहिलं: पाऊण तास. आत पिल्लं, बाहेर आम्ही. होय, 'आम्ही'. मीही तिथेच छत्री धरून उभा होतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत मीही फोटो काढले होते. चिमणीपेक्षा लहान जीव तो. घास टाकेना आणि आतही जाईना.

"मग कर्नाळ्याचं नाव कसं चालतं?" हा तुमचा दुसरा प्रश्न. चालतं. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच ते अभयारण्य आहे आणि पावसाळ्यात हा पक्षी तिथे वीण करतो हे उघड आहे. तिथे निदान गेट आहे, हटकणारं कुणीतरी आहे. वाडीतल्या पऱ्यावर कोण हटकणार?

पण तुम्हाला तिथवर जायची गरजच काय? मृग लागायच्या सुमारास हे पक्षी दक्षिणेकडून कोकणात येतात. रात्री उडतात आणि कधी कधी खिडकीच्या काचेवर आपटतात. तसा सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. सावरला की सोडून द्या.

एरवी घराजवळचा एखादा सावलीतला पऱ्या शोधा, मातीची उभी दरड असलेला. सकाळी लवकर जाऊन झाडाला टेकून बसा आणि मोबाइल खिशात ठेवा. आधी कानाला कळेल: उडताना बारीक, टोकदार शिट्टी. मग पाण्यावरून हातभर उंचीवर जांभळं-पिवळं काहीतरी सर्रकन जाईल. पहिल्या दिवशी बहुधा एवढंच. दरडीत लिंबाएवढं भोक दिसलं तर जवळ जाऊन डोकावू नका. चोचीत खेकडा किंवा पाल घेऊन तो नुसताच मान वरखाली करत बसला असेल, तर त्याला अडचण तुमचीच आहे. उठा आणि मागे या.

दिसला की मला जरूर कळवा. तालुका लिहा, पऱ्याचं नाव लिहू नका.