आमच्या बंगल्यात ॲरिझोना नको

लातूरला भाचा घर बांधतोय. त्याच्या लँडस्केप डिझायनरनं काढलेला बागेचा नकाशा त्यानं मला पाठवला: घरासमोर पांढरे गोटे, गोट्यांत निवडुंग, कोपऱ्यात घायपात, खाली तण उगवू नये म्हणून प्लास्टिकचा कागद. सोबत शेरा, "मामा, एकदम तुमच्या ॲरिझोनासारखं. पाणीच लागत नाही." मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या ट्यूसन शहरात राहतो आणि बागांच्या पाण्याचीच कामं करतो, तेव्हा मी खूश होईन असं त्याला वाटलं असणार. मी झालो नाही, आणि तसं घरच्या ग्रुपवर लिहिलं. मग व्हायचं तेच झालं, दोन तट पडले.

काका म्हणाले, "उसाला पाटानं पाणी सोडतेत ते कुणाला दिसत नाही, अन् आमच्या गुंठाभर हिरवळीवर सगळ्यांचा डोळा." ताईचं म्हणणं उलटं. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बाग हवीच कशाला? सगळीकडे गट्टू बसवा आणि मोकळे व्हा.

काकांचा मुद्दा मला नवा नाही, इथंही तो रोज ऐकतो. ॲरिझोनात सगळ्यात जास्त पाणी शेती पिते. वाळवंटात लसूणघास पिकवून तो सौदी अरेबियातल्या गायींसाठी बोटीनं पाठवणाऱ्या कंपनीचे सरकारी जमिनीवरचे भाडेपट्टे २०२३मध्ये गव्हर्नरांनी मोडीत काढायला घेतले, तेव्हा लोक हेच म्हणत होते: आधी तो घास बंद करा, मग आमच्या अंगणात या. लातूरकडच्या मांजरा नदीच्या खोऱ्यातल्या उसाबद्दल बोलावं ते थोडंच आहे. पण उसाचं पाप मोठं म्हणून हिरवळ फुकट होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे हिरवळ हिरवी ठेवायची तर कमीत कमी धरून रोज पाच मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एकरभर लॉनला झाले रोजचे वीस हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या जलदूत गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या अख्ख्या गाडीवर लग्नाचं एकरभर लॉन पंचवीस दिवस हिरवं राहिलं असतं. बायपासला अशी किती लॉन्स आहेत ते काकांनीच मोजावं, त्यांना लग्नांची आमंत्रणं भरपूर असतात.

ताईचा उपाय मात्र मला काकांच्या हिरवळीपेक्षा वाईट वाटतो. गट्टूंनी पाण्याची गरज संपते, पण पाऊस तर पडतोच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पासष्ट हजार लिटर पाणी होतं. ते गट्टूंवरून गटारीत आणि गटारीतून नाल्यात जातं, आणि फेब्रुवारीत आपण बोअर आणखी शंभर फूट खाली नेतो. घराभोवतीची मोकळी माती ही त्या पासष्ट हजारांना मुरायला मिळणारी एकमेव जागा. तिच्यावर बाग असावी की नसावी हा नंतरचा प्रश्न, आधी ती उघडी आणि थोडी खोलगट असायला हवी.

भाच्याच्या नकाशावर माझा राग आहे तो याच्यासाठी. ट्यूसनला वर्षाला सरासरी २८० मिलिमीटर पाऊस पडतो, लातूरला सातशेच्या वर. लातूरचा प्रदेश अवर्षणाचा असेल, वाळवंट नाही. आपल्याकडे चार महिने पाणी येतं आणि आठ महिने येत नाही, अडचण ही आहे. गोट्यांखालचा प्लास्टिकचा कागद नेमकं त्या चार महिन्यांचं पाणी जमिनीबाहेर ठेवतो. वर ते गोटे मे महिन्यात तापून भिंतीला भाजत बसणार, ते वेगळंच. डिझायनरनं इथला फोटो उचलला, इथला हिशोब इथंच राहिला.

आणि हिशोब चांगला आहे. ट्यूसन शहरानं २००८मध्ये नियम केला, २०१०पासून तो लागू आहे: नव्या व्यापारी इमारतीच्या बागेला लागणाऱ्या पाण्यातलं निम्मं पावसाचं असलं पाहिजे, आणि बागेच्या पाण्याला वेगळा मीटर. त्यामुळे डिझायनरला झाडं निवडण्याआधी उतार काढावे लागतात. कुठल्या छपराचं पाणी कुठल्या खड्ड्यात, खड्डा किती खोल, त्यावर किती झाडं जगतील, हे कागदावर मांडल्याशिवाय परवानगी नाही. रस्त्याच्या कडेचा कर्ब, म्हणजे सिमेंटचा उंच काठ, कापून रस्त्यावरचं पाणी झाडांच्या आळ्यात घ्यायची पद्धतही याच शहरातली. ब्रॅड लँकेस्टर या गृहस्थानं नव्वदच्या दशकात घरासमोरचा कर्ब परवानगीशिवाय कापला, पुढं शहरानं ते कायदेशीर केलं.

आळं म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. बीबी का मकबऱ्याची चारबाग, म्हणजे वाटांनी चार भाग केलेली बाग, आठवा: चारबागेची रीतच अशी की चालायच्या वाटा उंच आणि वाफे खाली. आता रस्त्यांमधले दुभाजक बघा. कर्बच्या वर मातीचा ढीग, ढिगावर झाडं. पावसाचं पाणी झाडांकडून रस्त्यावर येतं आणि एप्रिलमध्ये टँकर त्याच झाडांना पाणी घालत फिरतो.

ट्यूसनचं फार कौतुकही करू नये. या शहराचं पिण्याचं पाणी कोलोरॅडो नदीतून सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्यानं पंपावर चढवत आणलेलं आहे. लातूरला पाण्याची रेल्वे आली तर जगभर बातमी झाली. इथं त्याहून लांबचा प्रवास रोज होतो आणि परसातले पोहण्याचे तलाव भरले जातात.

शिवाय इथलं तंत्र जसंच्या तसं आपल्याकडे चालणारही नाही. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पायाला लागून पाणी मुरवलं तर भिंतींना तडे जातील. खड्डा जोत्यापासून दहा फूट तरी लांब हवा, आणि काळी माती काढून मुरमापर्यंत खणलेला. मुरूम पाणी घेतो, त्याखालचा काळा पाषाण फारसं घेत नाही, म्हणून एका मोठ्या खड्ड्यापेक्षा चार-पाच पसरट उथळ खड्डे बरे. पाणी जिरलं नाही आणि दिवसेंदिवस साचून राहिलं तर डास होतील आणि महापालिका नोटीस देईल, तीही रास्तच.

झाडांचं म्हणाल तर निवडुंगांची गरज नाही. पळस आणि पांगारा पानं टाकून ऐन कोरड्यात फुलतात, बहावा एप्रिल-मेमध्ये. कडुनिंबाला तेव्हाच पालवी असते. बालाघाटात सीताफळ माळावर जगतं, तरवड तर कुणी न लावता रस्त्याकडेला पिवळा होतो. जमिनीवर मारवेल किंवा पवना. ही गवतं दिवाळीनंतर पिवळी पडतात, आणि इथंच आपलं अडतं. पाहुण्यांसमोर वाळलेलं अंगण म्हणजे घरात काही बिनसलंय असं आपल्याला वाटतं. हा संकोच डिझायनरनं गिऱ्हाइकाशी बोलून काढायचा असतो. नर्सरीतून कोरियन गवताचे गालिचे आणून अंथरणं त्यापेक्षा सोपं आणि त्यात मार्जिनही बरं, म्हणून ते होतं.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पाऊसपाणी साठवण किंवा पुनर्भरण करावं लागतं. पण प्लंबर शोषखड्डा करतो, माळी लॉन लावतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. खड्डा कम्प्लिशन सर्टिफिकेटपुरता. शहरातले बहुतेक बंगले पाचशे चौरस मीटरच्या आत असल्यानं त्यांना तोही नाही. बागेचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा एकच असावा, आणि मोठ्या जागांना बागेचा वेगळा मीटर असावा, एवढे दोन बदल मला हवेत. घरोघरी जाऊन कुणाची हिरवळ मोजू नये, त्यातून फक्त भांडणं होतील.

मीटर सुरू करायचा तर लग्नाच्या लॉन्सपासून करावा, असं मी ग्रुपवर लिहिलं. काका हसण्याची खूण टाकून म्हणाले, "लॉन कुणाकुणाची हायेत ते ठावं हाय का तुला?" ठाऊक आहे. म्हणून महापालिकेनं आधी स्वतःच्या उद्यानांना आणि दुभाजकांना मीटर लावावा, आणि सुशोभीकरणाच्या टेंडरचं बिल लावलेल्या झाडांवर न काढता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर टँकरशिवाय जगलेल्या झाडांवर काढावं. त्याला आडवं यायला एखाददुसरा ठेकेदारच असेल.