डीएनएला कान नसतात

रशियन शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलंय की डीएनएला माणसाची भाषा कळते. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि मी तो बघून न बघितल्यासारखं करत आलो. या वेळी मात्र तो आमच्या आत्याने माझ्या चुलतबहिणीला पाठवला. बहीण गरोदर आहे. ती आणि तिचा नवरा, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक: स्वतः ठीक, पण बाळाला तो गंभीर रूपात, म्हणजे 'मेजर', होऊ शकतो. तो आहे का हे गर्भातच तपासता येतं. मेसेजखाली आत्याची स्वतःची ओळ होती: "ती पोटात सुई घालायची तपासणी कशाला? त्यापेक्षा हे रोज म्हण." म्हणून आता गप्प बसवत नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अशा भाग्यवंतांसाठी मेसेजचा सारांश असा. शास्त्रज्ञ ज्याला 'कचरा' म्हणतात त्या ९० टक्के डीएनएला मानवी भाषेसारखं व्याकरण आहे. त्यामुळे योग्य शब्द योग्य क्रमाने, योग्य कंपनात उच्चारले की डीएनएचा क्रम दुरुस्त होतो. याच पद्धतीने बेडकाच्या भ्रूणाचा सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर) करून दाखवला गेलाय. मुंग्यांची राणी मेली की सगळी वसाहत त्याच क्षणी थांबते, कारण डीएनए दुरून बोलतो. हे सगळं आपल्या ऋषींना ठाऊक होतं. आणि शेवटी रोज म्हणायचं एक स्तोत्र.

मुंग्यांचं आधी उरकतो. राणी मेली तरी कामकरी मुंग्या आपापलं काम करत राहतात. नवी अंडी येत नाहीत, म्हणून वसाहत हळूहळू संपते. ऋषींना यात ओढायचं कारण मला कळलेलं नाही.

आता बेडूक. या 'लहरी-जनुकशास्त्रा'चे जनक म्हणून प्योत्र गार्यायेव यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या बेडकाबद्दल लेझर, कंपनं वगैरे वाद घालण्याआधी मी फक्त हिशेब मागतो. प्रयोगशाळांत वापरतात त्या झेनोपस ट्रॉपिकॅलिस बेडकाच्या जनुकसंचात, म्हणजे एकूण डीएनएत, सुमारे १७० कोटी अक्षरं आहेत (डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी). अ‍ॅक्सोलॉटल या सॅलॅमँडरचा जनुकसंच २०१८ साली वाचून झाला. त्यात ३,२०० कोटी अक्षरं निघाली, माणसाच्या दहापट. म्हणजे बेडकाचा असा सॅलॅमँडर करायचा तर प्रत्येक पेशीत तीन हजार कोटी नवी अक्षरं हवीत, तीही ओळीने, योग्य जागी. आणि ही अक्षरं म्हणजे काही आवाज नव्हे. ती रेणू आहेत, त्यांना वजन आहे, ती पेशीला कच्च्या मालातून तयार करावी लागतात. आवाजातून हा माल आला कुठून? पावती दाखवा.

व्याकरणाच्या मुद्द्यात मात्र धागाभर तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९९४ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या भौतिकशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात मान्तेन्या आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडले, त्यांना 'शब्द' मानलं आणि कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजलं. प्रथिनं न बनवणाऱ्या भागात ही वारंवारता भाषेतल्या शब्दांसारखी उतरत जाताना दिसली: मोजके शब्द खूप वेळा, बाकीचे क्वचित. झालं, तेव्हापासून 'डीएनए ही भाषा' सुरू. पण जॉर्ज मिलर यांनी १९५७ सालीच दाखवून दिलं होतं की टंकयंत्राची बटणं डोळे मिटून बडवली तरी साधारण अशीच उतरण मिळते. या निबंधावरही लगेच त्याच अंगाने टीका झाली. आणि हा निबंध अक्षरांच्या मोजणीबद्दल होता. शब्द उच्चारून काही बदलतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

'कचरा' हा शब्दही आता जुना झाला, हेही खरं. प्रथिनांची कृती लिहिलेला भाग जेमतेम एक-दोन टक्के, आणि उरलेल्यातला काही भाग फार कामाचा आहे. किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. गंमत अशी की याचा सगळ्यात रोखठोक पुरावा थॅलेसेमियातच सापडतो, आणि तो मेसेजच्या विरुद्ध जातो.

रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळी या प्रथिनाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. प्रथिन बनवण्यासाठी त्याची आधी आरएनए या रेणूत नक्कल निघते. मग त्यातले मधले दोन निरुपयोगी तुकडे कापून टाकतात आणि कामाचे तीन तुकडे जोडतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा दोष आहे पहिल्या मधल्या तुकड्याच्या पाचव्या अक्षरात: 'जी'च्या जागी 'सी'. एवढंच. हे अक्षर शेवटी फेकूनच द्यायच्या भागात आहे. पण कुठे कापायचं त्याची खूण तिथेच असल्यामुळे कात्री चुकीच्या जागी चालते आणि धड बीटा साखळी फारच थोडी बनते. दुसऱ्या एका दोषात चार अक्षरं गळतात. पेशी तीन-तीन अक्षरं वाचते, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं आणि बिघडतं.

इथेच मेसेज लिहिणाऱ्याची खरी गफलत आहे. क्रमाने अर्थ बदलतो, हे गोष्टीत आणि सिनेमात अगदी खरं. रशियन पुरावाच हवा असेल तर लेव्ह कुलेशोव्ह घ्या. या दिग्दर्शकाने नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याला कधी सुपाची वाटी जोडली, कधी शवपेटी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. पण तो अर्थ फिल्मच्या पट्टीत नव्हता, तो बघणाऱ्याने भरला. पेशीत बघणारं कोणी नाही. तिथली कात्री अर्थ लावत नाही. तिचा एक भाग त्या अक्षरांशी कुलपात किल्ली बसावी तसा बसतो किंवा बसत नाही. तिला 'जी' हवा असताना तुम्ही कितीही शुद्ध उच्चारात काहीही म्हणा, 'सी'चा 'जी' होत नाही.

"पण वातावरणाने जनुकं बदलतात, असं डॉक्टरच सांगतात," हेही ग्रुपवर आलंच. आईचं खाणंपिणं, उपासमार, ताण यांनी कोणतं जनुक किती चालतं यात फरक पडू शकतो. १९४४-४५च्या डच दुष्काळात पोटात असलेल्या मुलांमध्ये साठ वर्षांनीही असे फरक आढळले. पण अक्षरांचा क्रम तोच राहिला. थॅलेसेमिया क्रमातला दोष आहे.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची: हा मेसेज स्वतःला खरा ठरवत राहणार. आई-वडील दोघं मायनर असले तरी दर गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे मंत्र म्हणणाऱ्या चारांपैकी साधारण तिघींची बाळं तशीही मेजर नसणार, आणि त्या 'अनुभव' लिहिणार. चौथीचं बाळसुद्धा जन्मतः गुटगुटीत असेल. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं, त्याला बीटा साखळी लागतच नाही. तीही कौतुकाने फोटो टाकेल. काही महिन्यांनी ते हिमोग्लोबिन ओसरतं, बाळ पांढरंफटक पडतं, आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त, शिवाय साठलेलं लोह काढायची औषधं. तेव्हा मेसेज पाठवणारं कोणी रक्तपेढीच्या रांगेत उभं नसतं.

आत्या, सुईची भीती मला कळते. तपासणीत गर्भ पडण्याचा थोडासा धोका असतो, ते डॉक्टर आधी सांगतात. वारेचा बारीक तुकडा साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात आणि तिचा दहावा चालू आहे. पुढचं काय ते रिपोर्ट बघून ती दोघं ठरवतील. तिला स्तोत्र आवडत असेल तर तिने ते जरूर म्हणावं, मन शांत राहील. तारीख मात्र मी घेऊन ठेवली आहे, आणि तुला वेळ असेल तर तिच्यासोबत तूच जा.