रॅम वाढव म्हणे!

आज आणखी एकाने सांगितलं, "रॅम वाढव." बारा दिवसांतला हा सातवा की आठवा. (रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी.) आता मात्र माझं डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून पुढे सटकावं.

नवा कॉम्प्युटर घेतला तो फोटोंच्या कामासाठी आणि नेमकं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअरच त्यावर हँग होतंय. बाकी सगळं सुसाट. ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडा, हू की चू नाही. ब्रश हातात घेऊन झूम केलं की पाच-दहा मिनिटांत ढिम्म.

फोटो बाबांचा आहे. विशीतला, ब्लॅक अँड व्हाइट, मधोमध घडी पडलेला. ती घडी गेलीय डाव्या डोळ्यावरून. आईने दिला तेव्हा एवढंच म्हणाली, "डोळे ह्यांचेच राहू देत." दोन तास बसून क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून चिकटवणारं टूल) पापणीचा एकेक केस जुळवला. कसं झालंय बघावं म्हणून झूम केलं आणि संपलं. प्रोग्राम पाचेक सेकंद उत्तर देईना की विंडोज त्यावर एक पांढुरका पडदा टाकतं आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. माझ्या डोळ्यांदेखत बाबांचा चेहरा फिकट पडला. मी बसले होते तो फिकटपणा काढायलाच!

हो, सेव्ह करायला हवं होतं. माहितीये. पुढे.

हेल्पलाइनवाला म्हणाला, "मॅडम, फाइल खूप मोठी असेल." कसली मोठी? सहा बाय आठ इंचांचा फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 3600 बाय 4800 पिक्सेल होतात. मी रंगीत आणि 16 बिटमध्ये स्कॅन केला होता (जुन्या फोटोवरचे पिवळे डाग ब्लू चॅनलमध्ये, म्हणजे रंगांपैकी फक्त निळा बघितला की, उठून दिसतात, करून बघा). तरी एक लेयर, म्हणजे फोटोचा एक थर, शंभर एमबीच्या आसपास. पंधरा लेयर धरले तरी दीड जीबी. मशीनमध्ये रॅम 16 जीबी आहे. गणित तरी करा की राव!

भाचा म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार." ह्या पिढीला दुसरं काही सुचतच नाही. रीइन्स्टॉल करूनही बघितलं, सेटिंग्ज रीसेट केल्या. कधीकधी सेटिंग्जची फाइल बिघडलेली असते आणि तेवढ्याने भागतं, हे मान्य. माझं भागलं नाही. पेन टॅब्लेट काढून माउसवर काम केलं. स्क्रॅच डिस्कवर (रॅम कमी पडली की सॉफ्टवेअर डिस्कवरची जी जागा वापरतं ती) जागा आहे का बघितलं, ढिगाने होती.

मग परवा रात्री तोच डोळा पुन्हा करायला घेतला, ह्या वेळी टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) शेजारी उघडा ठेवून. पुन्हा हँग. पण ह्या वेळी आकडे दिसले. मेमरी अर्धीही भरलेली नाही, प्रोसेसर दोन-तीन टक्क्यांवर, डिस्क गप्प. म्हणजे बिचारं दमलेलं नव्हतंच. कामाच्या ओझ्याने अडलं असतं तर ह्यातलं काहीतरी वर चढलेलं दिसलं असतं. हे कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलं होतं. ह्या एका गोष्टीकडे बारा दिवसांत एकाही शहाण्याने बघायला सांगितलं नाही, ह्याचा मला जास्त राग आहे.

झूम, ब्रश, कॅनव्हास फिरवणं ही कामं सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाकडे (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) सोपवतं, म्हणून संशय त्याच्यावर. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं आणि तासभर काम केलं. एकदाही अडलं नाही! ब्रश मात्र हाताच्या मागून रखडत यायचा, जुन्या कॉम्प्युटरवर यायचा तसा. जुन्याची फार आठवण आली. रडतखडत का होईना, त्याने कधी अर्ध्यात सोडलं नव्हतं.

माझ्या मशीनमध्ये ग्राफिक्स दोन आहेत, एक प्रोसेसरमधलं साधं आणि एक वेगळं तगडं. टिक परत लावून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन ह्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स, म्हणजे तगडं कार्ड, दिलं. तरी हँग. मग त्या कार्डाच्या ड्रायव्हरची (विंडोज आणि कार्ड ह्यांच्यातला दुभाषा प्रोग्राम) तारीख बघितली. मशीन नवंकोरं आणि ड्रायव्हर आठ महिने जुना! ग्राफिक्स चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घेतला, जुना पुसून क्लीन इन्स्टॉल केला. तेव्हापासून शांतता.

आता हेल्पलाइनवरच्या त्या मुलावर चिडून काय उपयोग, त्याच्यासमोर कागद असेल तो वाचत होता. पण "मॅडम, आधी कधी असं सॉफ्टवेअर वापरलंय का?" हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं? पंधरा वर्षं हेच करतेय रे बाबा.

आणि ज्यांनी ज्यांनी रॅम सांगितली त्यांच्याशी मी आठवडाभर बोलणार नाहीये. चालू ड्रायव्हरच्या तारखा स्वतःच्या मशीनवर बघून घ्या, मग या.

डावा डोळा काल रात्री झाला. आईला दाखवला, तर बराच वेळ बघून म्हणाली, "हं. असेच बघायचे." घडी आता फक्त कानापाशी उरलीय, ती उद्या. आणि दर दोन मिनिटांनी सेव्ह करतेय, कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.