शिंपले उकळल्याने धातू निघून जात नाहीत

‘खारफुटी सगळे जड धातू शोषून घेते, म्हणून खाजणाचे पाणी शुद्ध असते, तरीही शंका वाटल्यास शिंपले दहा मिनिटे उकळावेत, विष निघून जाते, आणि तळाचा काळा गाळ उपसला की उरलेले प्रदूषणही संपते,’ असा संदेश काल मावशीने मला पाठवला आणि खाली विचारले, “म्हणजे आता खायला हरकत नाही ना?” असले संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी निदान उकळण्याच्या मुद्द्यावर तरी क्षणभर विचार करायला हवा होता.

उकळल्याने जंतू मरतात. कॅडमिअम, शिसे आणि पारा ही मूलद्रव्ये आहेत. चुलीच्या आचेने त्यांचा नाश होत नाही. शिंपला पाणी गाळून अन्न मिळवतो आणि त्यासोबत आलेले कॅडमिअम त्याच्या शरीरातील प्रथिनांना बांधले जाते. शिजवताना मांसातले पाणी सुटते, धातू मात्र बव्हंशी तिथेच राहतो, म्हणून उरलेल्या मांसात ग्रॅममागे त्याचे प्रमाण उलट वाढू शकते. पाऱ्याचे तर विचारूच नये: प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या अधिक विषारी संयुगात, रूपांतर करतात. १९५६ मध्ये जपानमध्ये अधिकृतपणे नोंदला गेलेला मिनामाता आजार याच मिथाइल पाऱ्याने दूषित झालेले मासे आणि शिंपले खाल्ल्याने झाला होता, फक्त तिथला पारा कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता.

खारफुटीबद्दलचा दावा अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागते. मात्र धातू अडवण्याचे मोठे काम झाडापेक्षा गाळ करतो. मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘केमोस्फिअर’ या नियतकालिकात अनेक क्षेत्रीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मुळांतील धातूंचे प्रमाण साधारण भोवतालच्या गाळाइतकेच आणि पानांतील त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी आढळले. म्हणजे झाड गाळ उपसून रिकामा करत नाही.

गाळात सल्फेट या क्षारापासून सल्फाइड हे गंधकाचे संयुग तयार होते आणि तांबे, जस्त, शिसे त्याच्याशी बांधले जाऊन अडकून पडतात. सडक्या अंड्यासारखा वास आणि काळा रंग ही त्याचीच खूण. हाच गाळ उपसून हवेवर टाकला की काळा रंग विटून तांबूस होऊ लागतो, सल्फाइडचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग (ऑक्सिडीकरण) होतो, आम्ल तयार होऊन सामू (पीएच) घसरतो आणि बांधलेले धातू पुन्हा पाण्यात सुटतात. प्रदूषण संपवण्याचा म्हणून सांगितलेला उपाय ते मोकळे करणारा आहे.

मावशीला मी कळवले आहे की नितळ पाणी पाहून किंवा नुसत्या पाण्याच्या तपासणीवर विसंबू नकोस. त्या जागच्या शिंपल्यांच्या मांसाची धातूंसाठी तपासणी झाल्याचे कळेपर्यंत ते खाऊ नकोस.