पावसाळ्यात तुम्ही कुठे जाता?

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. लांबलं तर लांबलं.

आईला घेऊन आज महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला गेले होते. मे संपत आला की ती एकदा तरी तिथे नेऊन आण म्हणते. कणीस तिला आता चावत नाही, पण हातात धरून बसायला आवडतं. शेजारच्या बाकड्यावर एक कुटुंब बसलं होतं. चांगली माणसं होती, आईला सरकून जागा दिली. बोलता बोलता त्यातले गृहस्थ म्हणाले, "आजी, सीझन संपला की गाव बंदच होत असेल ना? मग पावसाळ्यात तुम्ही कुठे जाता?"

आई म्हणाली, "कुठं जायाचं? हितंच की."

ते हसले. वाईट मनानं नाही, त्यांना खरंच पटेना. इतक्या पावसात माणूस कशाला राहील, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी काहीच बोलले नाही. साताऱ्यापर्यंत सगळा केळघर घाट उतरताना मनातल्या मनात भांडत आले.

आमचे आबा बाजाराच्या वरच्या अंगाला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर माळी होते. माळी नुसतं म्हणायला. राखण, बंब पेटवणं, स्टँडवरून सामान वाहून आणणं, सगळं तेच. बंगला वर्षातले तीन महिने नांदता, बाकी बंद. मेच्या शेवटच्या आठवड्यात मालकांची गाडी खाली गेली की आमच्या घराची धांदल सुरू व्हायची. बंगल्याला गवताच्या झडी बांधायच्या. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, नुसतं छप्पर शाकारून तिथे भागत नाही. पाऊस आडवा येतो, भिंतीतून आत येतो. म्हणून भिंतींनाही वरून खालपर्यंत गवताची झड बांधून घराला अंगरखा घालायचा. आत दिवसाही चिमणी लागायची.

आणि मग जून ते सप्टेंबर, एक दिवसाआड, आबा डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन त्या रिकाम्या बंगल्यात जायचे. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची, गाद्या उभ्या करायच्या, पुस्तकांच्या कपाटाची दारं उघडी टाकायची. तासाभराने शेगडी पुढच्या खोलीत. मी सात-आठ वर्षांची असताना सोबत गेले होते. विचारलं, आबा, इथे कुणीच नाही तर शेगडी कुणासाठी? ते म्हणाले, "गादीला काय ठावं कुणी हाय का न्हाई. वल धरती ती."

हे सगळं त्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगायचं होतं मला.

पण राग एकट्या त्या गृहस्थांवर नाही. आमच्या गावाचा इतिहास लिहिलाच तसा जातो. 1824 मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी डोंगर चढून आला, मग गव्हर्नर माल्कम आला, गोऱ्या आजाऱ्यांना हवा मानवली आणि महाबळेश्वर "सापडलं". सापडलं म्हणजे काय? हरवलं होतं का? क्षेत्र महाबळेश्वरात, म्हणजे देवळाच्या जुन्या गावात, 1665 साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. कृष्णा तिथून निघते, माणसं पिढ्यानपिढ्या तिथे दर्शनाला येतात. लॉडविकच्या पुढे जांभळी-हिरड्याच्या रानातून कुणीतरी वाट दाखवत गेला असेलच की. त्याच्या नावाचा पॉइंट कुठे आहे?

गव्हर्नरच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट झाला, आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला नाके खिंड म्हणायची. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा. आता ही नावं घेतली तर टॅक्सीवालासुद्धा वळून बघतो.

आणि साताऱ्याच्या लोकांनी तरी हे विसरू नये. 1829 मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. वरच्या वस्तीला नाव लागलं माल्कम पेठ. दहा वर्षांनी, 1839 मध्ये, त्याच कंपनी सरकारने महाराजांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. 1847 मध्ये महाराज तिकडेच गेले. आज जिथे सगळे बोटीत बसून फोटो काढतात तो वेण्णा तलाव त्यांचे भाऊ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 मध्ये बांधून घेतला. बोटिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या शंभर जणांना विचारा, एकाला तरी माहीत आहे का.

जे कैदी आणले होते त्यांचंही तसंच. चिनी आणि मलायी कैदी, इंग्रजांनी वर आणून तुरुंगात ठेवलेले. 1864 पर्यंत होता तो तुरुंग. डोंगरावर बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी फुलवले. आज स्ट्रॉबेरीला 2010 चं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, अभिमान आहेच, माझे चुलतभाऊ भिलारच्या बाजूला तेच पीक घेतात. पण या मातीत पहिली गादीवाफ्याची मेहनत कुणाची, ते कोण सांगतं?

हो, पर्यटकांवरच आमची चूल पेटते. मान्य. आबांचा पगारही बंगल्यातूनच यायचा. पण पोट भरणारा माणूस आपल्याला माणूस समजतो की नाही, हे विचारायचंच नाही का?

मेमध्ये हॉटेलांत चोवीस तास शॉवर, आणि खालच्या वाड्यांवर बायका हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात! 2021 च्या जुलैमध्ये एका दिवसात 594 मिलिमीटर पडला, आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला. टीव्हीवर दिवसभर चाललं होतं, पर्यटक अडकले का, पर्यटक सुखरूप आहेत का. आई त्या रात्री पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, जमिनीतून पाणी उमळत होतं. फोन लागत नव्हता. मी साताऱ्यात खिडकीशी उभी.

पुन्हा आबांकडेच येतेय, माफ करा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बंगल्याची मालकीण यायची. झडी उतरवलेल्या, फरशी पुसलेली, बंब तापलेला. एका वर्षी व्हरांड्यात उभी राहून ती म्हणाली होती, घर बघा कसं छान राहिलंय. राहिलंय! आबा मागे तिच्या दोन बॅगा घेऊन उभे होते. चार महिन्यांच्या धुराने त्यांचा खोकला दिवाळीपर्यंत जायचा नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, काहीतरी बोलतील म्हणून. ते म्हणाले, "बॅगा आत ठेवू का?"

त्या बाईंबद्दल वाईट लिहिणार नाही. माझी दहावीची फी त्यांनी भरली. आबा गेले तेव्हा मुंबईहून एवढ्या म्हातारपणी आल्या, आईचा हात धरून बराच वेळ बसल्या. त्यांना आबांची माया होती. जुलैमध्ये आबा काय करतात, एवढंच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बंगला पुढे विकला गेला, आता तिथे तीन मजली हॉटेल आहे आणि ओल काढायला मशीन आहे.

आता राग जरा उतरलाय. आईला मघाशी फोन केला, म्हटलं तुला वाईट वाटलं का त्या माणसाचं? तिला प्रश्नच आठवेना. म्हणाली, त्यांच्या पोरीला सर्दी होती, लेकवर वारं लागलं असेल.

रविवारी भाऊ आणि मी आईच्या घराला झड बांधतोय. गवत आता मिळत नाही, प्लास्टिकचा कागद आणि बांबू. दोन माणसं कमी पडतात, पश्चिमेच्या भिंतीला शिडी धरायला कुणीतरी लागतं. साताऱ्यातून कुणी येणार असेल तर सहाला निघतोय, मेढ्यामार्गे. येताना हातमोजे आणा, सुतळीने हात कापतात.